काळ्या डोक्याचा कुरव

कवळी टोचायला लागली की माणूस ती काढून पेल्यात ठेवू शकतो. घर टोचायला लागलं की ते कुठे काढून ठेवायचं, हे मात्र धाकटीला कोणी शिकवलं नव्हतं.

धाकटी म्हणजे काही लहान पोर नव्हे हं. चाळिशी उलटलेली, कानाशी केस पिकायला लागलेली बाई. पण थोरल्या भावाच्या पाठीवर झाली म्हणून धाकटी, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. ती त्यांवरून प्लास्टरचे साचे काढायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि शेवटी हातातल्या छोट्या मोटरने घासून, चकाकी आणून कवळी तयार करायची. दाताच्या रंगात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तंबाखू खाणाऱ्याचा दात वेगळा, नुसता चहा पिणाऱ्याचा वेगळा, हे ती लांबून सांगायची. पूर्वी हे सगळं ती लॅबमध्ये बसून करायची. चारसहा माणसं, दिवसभर थट्टामस्करी, दुपारी डबे एकत्र. आता तो सगळा पसारा घराच्या मागच्या खोलीत आला होता. कारण एकच, बाबा.

बाबा सरकारी मोजणीदार होते. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी पायाखाली घालण्यात काढली. उन्हातान्हात, चिखलात, काट्याकुट्यांत. घरात असे ते दिसायचेच नाहीत. बायको गेली तेव्हाही खचले नाहीत. मग एके दिवशी बँकेच्या रांगेत त्यांना भोवळ आली आणि ते चारचौघांत आडवे झाले. लोक बाजूने गेले. कोणीतरी म्हणालं, सकाळीच लावून आलाय वाटतं. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस तो. शुद्धीवर असून त्यांना ते ऐकू आलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी जिना म्हणून उतरला नाही.

नुसतं बाहेर जात नाहीत एवढंच असतं तर धाकटीने चालवून घेतलं असतं. पण त्यांना एकटं राहवत नसे. ती भाजीला निघाली की छातीत धडधड सुरू. ती कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच फोन. "कुठे आहेस?" कोपऱ्यावर. "किती वेळ?" आत्ताच तर निघालेय. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, काळीज घोड्यासारखं आहे, ही भीती आहे, भीतीला गोळी एका मर्यादेपर्यंतच चालते. थोरला परदेशात. तो दर रविवारी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा. "त्यांना जरा बाहेर काढ गं, मोकळ्या हवेत." एकदा धाकटी म्हणाली, "तू ये आणि काढ." त्यावर थोरल्याकडची रेंजच गेली.

बरं, बाबा वाईट होते का? मुळीच नाही. म्हणून तर पंचाईत. वाईट माणसाच्या घरातून निघून जाता येतं.

समोरच्या बिऱ्हाडात नर्समावशी राहायच्या. हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या, आवाज असा की कुजबुजल्या तरी खालच्या मजल्यावर ऐकू जावं. त्या बाबांचं ब्लडप्रेशर बघायला यायच्या. एकदा त्यांची नजर कपाटावरच्या पितळी दुर्बिणीवर गेली. बाबांच्या मोजणीच्या यंत्राची होती ती, तिपाईसकट.

"ही इथे धूळ खात कशाला? मागच्या खिडकीत लावा," मावशी म्हणाल्या. "खिडकीजवळची खाट मिळालेला पेशंट लवकर घरी जातो, मी डोळ्यांनी बघितलंय. झाड बघा, पाखरं बघा. माझं औषध हेच."

"मी तर घरीच आहे," बाबा म्हणाले.

"तेच तर दुखणं आहे तुमचं."

मागच्या खिडकीतून दिसण्यासारखं फार काही नव्हतं. इमारतींच्या मधला चौक, एक मोठं झाड, गळणारी पाण्याची टाकी. पण टाकीच्या गळतीवर पाखरांची जत्रा भरायची. मावशींनी पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला आणि दचकून मागे झाल्या. "अहो, हा कावळा डोकं खाली करून का चालतोय?" बाबा कितीतरी महिन्यांनी हसले. मोजणीच्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. त्यांची उभी नोकरी जग उलटं बघण्यात गेली होती, त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाखरं बघायलाही ते तसेच शिकले, पाय वर नि डोकं खाली.

आणि खोटं कशाला बोला, गुण आला. बाबांना झोप लागायला लागली. अर्ध्या पोळीच्या दोन झाल्या. ब्लडप्रेशर उतरलं. मावशींनी पक्ष्यांचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक आणून दिलं, ते त्यांनी मोजणीच्या नियमांसारखं पाठ केलं. समोरच्या इमारतीत एक दम्याचे गृहस्थ होते, तेही खिडकीत बसून असत. दोघांची खाणाखुणांची ओळख झाली, मग फोनवर बोलणं सुरू झालं. "टाकीवर बघा, टाकीवर." वर्षभर ज्याने थोरल्याशीसुद्धा धड बोलणं टाकलं होतं, तो माणूस परक्या माणसाशी धोबी पक्ष्याच्या शेपटीवर अर्धा तास गप्पा मारायला लागला.

मावशींची चारपाच पाखरंवेड्यांची टोळी होती. रविवारी पहाटे ती मंडळी गावाबाहेरच्या जुन्या खाणीच्या तळ्यावर जायची आणि येताना बाबांकडे वर्दी द्यायला थांबायची. बाबा खिडकीत बसून त्यांच्या चुका काढायचे. बैठक दोन दोन तास रंगायची. जाताना प्रत्येक जण म्हणायचा, "बाबा किती सुधारले!"

चहा कोण करायचं? धाकटी.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी नुसतं घरात बसायचं होतं, आता घरात बसून गप्पही बसायचं होतं. कवळी घासायच्या मोटरचा आवाज झाला की झाड रिकामं व्हायचं. "बंद कर ती, तांबट बसलाय," खिडकीतून हुकूम. सकाळी तांबट, दुपारी खंड्या, संध्याकाळी पोपटांचा थवा. धाकटीने काम करायचं कधी? डॉक्टर लोक तिला फोन करून विचारायचे, आमचे पेशंट पातळ खिमट खाऊन दिवस काढतायत, झालं का? ती कुजबुजत उत्तर द्यायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या फोनवर, कुजबुजत. तिला पाखरांचा राग यायला लागला होता. उडता येतं तर जा ना मेल्यांनो कुठेतरी लांब, इथे काय ठेवलंय? पण हे बोलायचं कोणापाशी? आपलेच दात, आपलेच ओठ.

अशात लॅबवाल्या मॅडमचा फोन आला. लॅबमध्ये नवं मशीन बसलं होतं. आता ठसा नको, मेण नको. मशीन तोंडाचं चित्र घेणार आणि ठोकळ्यातून दात कोरून काढणार. माणसाने फक्त रंग आणि शेवटचा हात द्यायचा, पण तो तिथेच बसून.

"तुझ्यासारखा रंग कोणाला जमत नाही म्हणून पहिला फोन तुला," मॅडम म्हणाल्या. "पण एक तारखेपासून रोज यायचं. घरून काम आता बंद. जमत नसेल तर सांग, मी दुसरं माणूस बघते."

धाकटीने जेवताना बाबांना सांगितलं.

"मग जा की. मी कुठे अडवलंय?" बाबा म्हणाले, आणि त्यांच्या हातातला चमचा ताटावर वाजायला लागला.

ती एक दिवस गेली, नुसतं मशीन बघून यायला. बसस्टॉपवर पोचेपर्यंत तीन फोन. बसमध्ये बसल्यावर फोन यायचा बंद झाला. पुढच्या स्टॉपला उतरून धावत परत. बाबा दाराला पाठ टेकून जमिनीवर बसले होते, सदरा घामाने चिंब, फोन हातात, बोटांना बटणं सापडत नव्हती. ती त्यांच्या शेजारी बसली. त्या क्षणी तिला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी असंही वाटलं की हे मेले तर मी सुटेन. हे मनात आल्याबद्दल तिने स्वतःला दोन दिवस माफ केलं नाही.

"मी दिवसभर बघेन त्यांच्याकडे," नर्समावशी म्हणाल्या. "माझ्याकडे बसतील, तळ्यावर येतील, काय वाट्टेल ते. पण उंबऱ्याबाहेर पाऊल त्यांनी स्वतः टाकायला हवं. ओढून नेलेला पेशंट दुसऱ्या दिवशी खाटेला घट्ट धरून बसतो. एकदा स्वतःहून उतरले आणि कळलं की आपण मेलो नाही, की सुटलात तुम्ही दोघं."

पण उतरणार कशासाठी? बाबांना हवं ते सगळं खिडकीत येत होतं.

एक सोडून. बाबा तरुणपणी समुद्रकाठी मोजणीला होते आणि तिथले कुरव त्यांच्या मनात घर करून होते. पांढरेशुभ्र, लाटांवर लोळणारे, भांडखोर पक्षी. या गावापासून समुद्र लांब. मंडळींपैकी कोणी कधी इथे कुरव पाहिला नव्हता. बाबा बैठकीत म्हणायचे, "खाणीच्या तळ्यावर कुरव आला ना, तर मी मेलो असलो तरी उठून येईन."

धाकटी थाप मारणाऱ्यातली नव्हे. लहानपणी फुटलेल्या बरणीचं खापर थोरल्यावर फोडायचं होतं, तेही तिला जमलं नव्हतं. पण कात्रीत सापडलेलं माणूस काय करेल सांगता येत नाही. बाबा आंघोळीला गेल्यावर तिने पुस्तक उघडलं. कुरवांची पानंच्या पानं होती. त्यातला दिसायला सगळ्यात ठसठशीत, विसरता न येणारा एक तिने निवडला आणि नीट पाहून घेतला. मग खाणीच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे कवळी पोचवायच्या निमित्ताने बाहेर पडली. पाच वेळा फोन आला. परत आली तेव्हा थंडीने नाक लाल झालं होतं, स्वेटरसुद्धा न काढता ती म्हणाली, "बाबा, तळ्यावर एक पक्षी होता. पांढरा. कसला ते मला कळलं नाही."

"बगळा असेल."

"बगळा मला कळतो. पोहत होता. पाठ राखाडी, पोट पांढरं. चोच लाल, पाय लाल. आणि डोकं काळं. म्हणजे अगदी काळं नाही हं, तपकिरीकडे झुकणारं काळं. मानेपर्यंत टोपी ओढल्यासारखं." रंग सांगताना ती रंगात आली होती. खोटं बोलत असल्याचं क्षणभर तिच्याच लक्षात राहिलं नाही.

बाबांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला.

"टोपी पुरी होती? मागेपर्यंत?"

"पुरी."

"नीट पाहिलंस?"

"माझ्या डोळ्यांनी."

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. इतका वेळ त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं होतं, तिला आठवेना. तिला वाटलं, आता हे म्हणणार, मंडळींना पाठव बघायला. आणि मग सगळं मुसळ केरात.

"मग जायला हवं," बाबा म्हणाले.

रविवारी पहाटे ते स्वतः उठले. बुटांचं चामडं इतक्या दिवसांत कडक झालं होतं, पाय आत जाईना. धाकटीने तेल लावलं. दारात उभे राहिल्यावर त्यांच्या कपाळावर घाम फुटला, त्या थंडीत. नर्समावशी खालच्या पायरीवर उभ्या होत्या, हात पुढे न करता. बाबांनी उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवला, परत घेतला, पुन्हा ठेवला. मग कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवे, खेकड्यासारखे ते खाली उतरायला लागले. प्रत्येक मजल्यावर थांबल्याचं धाकटीला वरून ऐकू येत होतं. मग खाली मंडळींच्या गाडीचं दार लागलं.

ती घरात एकटी होती. किती काळाने, कोण जाणे. तिने ठरवलं होतं की मोठ्याने रेडिओ लावायचा, मोटर लावायची, काम उरकायचं. मोटर लावली. झाडावरचं सगळं उडालं. कोणी ओरडलं नाही. तिने ती बंद केली आणि उगीच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. बाबांचा फोन टेबलावरच होता. ज्या माणसाचा हात फोनवरून निघत नसे, तो फोन घरी ठेवून गेला होता. विसरले असतील घाईत, ती स्वतःशीच म्हणाली.

फोनशेजारी पुस्तक होतं. आपला तो कुरव पुन्हा बघावा म्हणून तिने ते उघडलं. तेच ते ठसठशीत काळं डोकं. मग तिने पान उलटलं, जे त्या दिवशी घाईत उलटलं नव्हतं.

मागच्या पानावर तोच पक्षी होता. तीच पाठ, तेच पाय. पण डोकं पांढरं, आणि डोळ्यामागे शाईचं बोट लागावं एवढा एक ठिपका. खाली लिहिलं होतं की ही काळी टोपी फक्त विणीच्या दिवसांत असते, थंडीत डोकं पांढरं होतं. माणसं थंडीत टोपी घालतात, हा शहाणा काढून ठेवतो.

तिने भर थंडीत पुऱ्या टोपीचा कुरव तळ्यावर पोहायला सोडला होता. तेही कोणासमोर, तर पाखरंवेड्यांच्या टोळीसमोर. आता तिथे मंडळी हसत असतील. काय हो बाबा, तुमच्या लेकीने पाहिला तो कुठाय? पुन्हा चारचौघांत, पुन्हा कोणीतरी काहीतरी बोलणार, आणि ते त्यांना ऐकू जाणार. यानंतर ते खिडकीतही बसायचे नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने मावशींना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिचं काळीज धडधडत होतं, तळव्यांना घाम सुटला होता, आणि ती आपली दाबतेय बटणं. बाबांना रोज काय होत असेल, ते तिला त्या सकाळी समजलं.

ऊन चढलं तेव्हा जिन्यात पावलं वाजली. बाबा दारात आले. चेहरा पांढराफटक, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मागून मावशी, बाबांचे बूट हातात घेऊन. बाबा खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. धाकटीने दिलं.

"दिसला," बाबा म्हणाले.

"काय?"

"कुरव. तू म्हणालीस तसाच. लाल चोच, लाल पाय. टोपी पुरी, मागेपर्यंत."

धाकटीने मावशींकडे पाहिलं. त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मी येते जरा," एवढंच पुटपुटत त्या बूट खाली ठेवून आपल्या घरात गेल्या.

टेबलावर पुस्तक उघडं होतं, पांढऱ्या डोक्याच्या पानावर. बाबांनी ते पाहिलं. धाकटीने पाहिलं की त्यांनी पाहिलं. त्यांनी हात लांब करून ते मिटलं आणि बाजूला सारलं.

तेव्हा तिला कळलं. टोपी पुरी होती का, असं त्यांनी विचारलं, त्याच घटकेला त्यांना सगळं समजलं होतं. तळ्यावर काही नाही, हे पक्कं ठाऊक असताना ते जिने उतरले होते. जन्मात थाप न मारलेल्या मुलीवर थाप मारायची पाळी आली, म्हणजे तिचं किती अडलं असेल, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. तिला लाज वाटली, रडू आलं, आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. त्यांच्या घरात गळ्यात पडायची पद्धत नव्हती. तिने त्यांचा पेला पुन्हा भरला.

"एका दिवसात समाधान होण्यासारखा पक्षी नाही तो," बाबा म्हणाले. "रोज जावं लागेलसं दिसतंय."

"रोज?"

"थंडी संपेपर्यंत तरी. मग बघू. तुझी ती लॅब किती वाजता उघडते?"

"नऊला."

बाबांनी पेला तोंडाला लावला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. तिने पुढे केलेला टॉवेल त्यांनी घेतला नाही.

"उद्या आधी तू निघ," ते म्हणाले. "मी दारात उभा राहतो. बघू, जमतं का मला."